पाऊल दुखते, पण नेमके कुठे?

सकाळी झोपेतून उठून जमिनीवर पहिले पाऊल टेकवले की टाचेखाली खिळा रुतल्यासारखी कळ येते. पलंगाच्या कडेला धरून पाच-दहा पावले टाकली की ती ओसरू लागते आणि आंघोळ उरकेपर्यंत तिचा विसरही पडतो. दुपारी तासभर बसून उठले की पुन्हा तीच कळ. असा अनुभव असलेली माणसे बहुधा दोनच गोष्टी सांगतात: "पाय दुखतात" आणि "हाड वाढले असेल". पहिले वाक्य इतके मोघम आहे की त्यावरून काहीच कळत नाही आणि दुसरे बहुतेक वेळा चुकीच्या दिशेने नेते. मराठीत कमरेपासून बोटांपर्यंत सगळ्यालाच पाय म्हणण्याची सोय आहे, त्यामुळे डॉक्टरांसमोर बसल्यावरही गुडघा, पोटरी आणि तळवा यांची सरमिसळ होत राहते. या लेखापुरते बोलायचे आहे ते घोट्यापासून खालच्या पावलाबद्दल.

पावलाचे दुखणे किती आहे यापेक्षा ते कुठे आणि केव्हा आहे, हे जास्त बोलके असते. दुखरी जागा एका बोटाने दाखवता येते का? दिवसाच्या कोणत्या वेळी आणि कोणत्या हालचालीने कळ येते? दुखणे सुरू होण्याआधीच्या महिना-दीड महिन्यात चालणे, उभे राहणे, वजन किंवा पादत्राण यांत काही बदल झाला होता का? या प्रश्नांची उत्तरे घरीच नीट जुळवून ठेवली, तर तपासणीच्या खोलीत शिरण्याआधीच निदानाचे अर्धे काम झालेले असते. एक्स-रे ही त्यानंतरची गोष्ट आहे, आणि पुष्कळदा तिची गरजही पडत नाही.

कमान आणि तिची दोरी

एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. त्यांना एकत्र बांधणारे स्नायू, कंडरा आणि अस्थिबंध मोजले तर ते शंभराहून अधिक भरतात. स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर म्हणजे कंडरा आणि हाडाला हाडाशी बांधणारी पट्टी म्हणजे अस्थिबंध. एवढ्या लहान जागेत इतके तुकडे कशासाठी, याचे उत्तर चालण्यात सापडते. टाच टेकल्यानंतर पावलाला सैल राहून जमिनीच्या उंचसखलपणाशी जुळवून घ्यायचे असते, आणि लगेच पुढच्या क्षणी, चवड्यावर जोर देऊन शरीर पुढे ढकलताना, त्याच पावलाला ताठ तरफेचे काम करायचे असते. चालताना दर पावलागणिक शरीराच्या वजनापेक्षा थोडा जास्त आणि धावताना वजनाच्या दोन ते तीन पट भार त्यावर येतो.

सैल पाऊल ताठ होते ते तळव्यातल्या एका पट्ट्यामुळे. कातडीच्या आणि चरबीच्या थराखाली, टाचेच्या हाडापासून पाचही बोटांच्या मुळांपर्यंत पसरलेला हा पांढरा, चिवट पट्टा म्हणजे प्लांटर फॅशिया. तो हाताला लागतो. खुर्चीवर बसून एका पायाचा घोटा दुसऱ्या मांडीवर ठेवावा, पायाचा अंगठा एका हाताने नडगीच्या दिशेने मागे ओढावा आणि दुसऱ्या हाताचे बोट तळव्याच्या आतल्या बाजूने आडवे फिरवावे. कातडीखाली ताणलेल्या दोरीसारखी एक कड जाणवते. अंगठा सोडला की ती नाहीशी होते. अंगठा ओढताना नजर पावलाच्या आतल्या बाजूवर ठेवली, तर कमान उचलली जाताना दिसते. विहिरीवरच्या रहाटाला दोर गुंडाळला गेला की बादली वर येते, तसाच हा प्रकार आहे: बोटे वर वळली की पट्टा त्यांच्या मुळांशी गुंडाळला जातो, टाच आणि चवडा एकमेकांकडे खेचले जातात आणि कमान घट्ट होते. जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये हे तंत्र मांडले आणि त्याला नावही रहाटाचेच दिले. चालताना टाच उचलली जाते त्या प्रत्येक वेळी हा रहाट फिरतो, म्हणजे दिवसाकाठी काही हजार वेळा. पावलाचे सर्वांत नेहमीचे दुखणे याच दोरीच्या मागच्या टोकाशी का असते, हे आता वेगळे सांगावे लागू नये.

टाचेखालची कळ

या दुखण्याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात. त्याची जागा टाचेच्या बरोबर मध्यभागी नसते. ती थोडी पुढे आणि आतल्या बाजूला असते, म्हणजे पट्टा हाडाला चिकटतो तिथे. तिथे बोटाने दाबले की माणूस दचकतो. झोपेत पाऊल सैल पडून खाली झुकलेले असते आणि पट्टा तासन्‌तास आखडलेल्या अवस्थेत राहतो. उठल्यावर पहिल्याच पावलाला पूर्ण वजनाने तो एकदम ताणला जातो, म्हणून सकाळची कळ. थोडे चालल्यावर तो सैलावतो आणि बरे वाटते, पण दिवसभर उभे राहावे लागले तर संध्याकाळी टाच ठणकू लागते. हे दुखणे ४० ते ६० या वयात जास्त आढळते. पोटरीचे स्नायू आखडलेले असणे, वजन जास्त असणे, कडक जमिनीवर सतत उभे राहण्याचे काम असणे आणि चालणे किंवा धावणे एकाएकी वाढवणे ही त्यामागची नेहमीची कारणे आहेत. पोटरीचा संबंध दूरचा वाटेल, पण पोटरी आखडली की घोटा पुरेसा वाकत नाही आणि त्याची भरपाई तळव्यातल्या पट्ट्याला करावी लागते.

नावातल्या 'आयटिस' या शेपटाचा अर्थ दाह असा आहे आणि तिथेच पहिली दिशाभूल होते. हार्वी लेमाँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या पट्ट्याच्या ५० नमुन्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत दाहाच्या खुणा सापडल्या नाहीत, सापडले ते झिजलेले, विस्कटलेले तंतू. दोर जुना झाला की त्याचे पीळ उसवतात, तशी ती अवस्था असते. दाह कमी करणाऱ्या गोळीने चार दिवस बरे वाटते आणि पाचव्या दिवशी दुखणे परत येते, याचे कोडे यातून सुटते. उसवलेले तंतू गोळीने विणले जात नाहीत.

दुसरी दिशाभूल वाढलेल्या हाडाची आहे. टाचेच्या एक्स-रेमध्ये पुढच्या बाजूला काट्यासारखे टोक दिसते, आणि काटा म्हटला की तो रुतणारच, असे मन लगेच ठरवून टाकते. परंतु टाच कधीही न दुखलेल्या पुष्कळ माणसांच्या एक्स-रेमध्ये असा काटा दिसतो, आणि टाच दुखणाऱ्या पुष्कळांच्या एक्स-रेमध्ये तो नसतो. शिवाय हे टोक जमिनीकडे रोखलेले नसून बोटांच्या दिशेने आडवे असते, आणि अनेकदा ते या पट्ट्यात नसून त्याच्या वरच्या लहान स्नायूच्या मुळाशी असते. दुखणे पूर्ण बरे झाल्यावर पुन्हा एक्स-रे काढला, तरी काटा जागच्या जागी असतो. एक्स-रेचा कागद हातात आला म्हणून धास्तावून चालणे बंद करणारी माणसे मी पाहिली आहेत. काट्याने त्यांचे जितके नुकसान केले नसते, तितके त्या धास्तीने केले.

उपचारातला मुख्य मुद्दा भाराचा आहे. झिजलेल्या तंतूंना पूर्ण विश्रांती दिली तर ते अधिकच दुबळे होतात, आणि पूर्वीइतकाच भार चालू ठेवला तर त्यांना सावरायला उसंत मिळत नाही. या दोन्हींच्या मधली वाट धरावी लागते. व्यवहारात त्यासाठी एक साधी कसोटी उपयोगी पडते: हालचाल करताना होणारे दुखणे दहापैकी तीन-चार गुणांच्या वर जाऊ नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली पावले आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखू नयेत. जास्त दुखली तर काल भार जास्त झाला, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा आणि पुढचे दोन दिवस चालणे थोडे कमी करावे.

व्यायाम दोन आहेत. पहिला ताणाचा. अंथरुणातून उतरण्यापूर्वीच, वर सांगितल्याप्रमाणे पाय मांडीवर घेऊन, पाचही बोटे मुळापाशी धरून नडगीकडे ओढावीत, दोरी ताठ झाल्याची खात्री दुसऱ्या हाताने करावी, दहा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवावे आणि सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात, जुनाट दुखणे असलेल्यांना या ताणाचा फायदा केवळ पोटरीच्या ताणापेक्षा जास्त झाल्याचे दिसले. तो पहिल्या पावलाच्या आधी करण्याला विशेष महत्त्व आहे, कारण आखडलेला पट्टा वजन पडण्यापूर्वीच सैल होतो.

दुसरा व्यायाम ताकदीचा. मायकेल राथलेफ आणि त्यांच्या डॅनिश सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तो प्रसिद्ध केला. पायरीच्या कडेवर गुंडाळलेला टॉवेल ठेवून त्यावर बोटे टेकवायची, म्हणजे रहाट आधीच थोडा फिरलेला राहतो. मग एका पायावर उभे राहून तीन सेकंदांत टाच वर उचलायची, दोन सेकंद वर धरायची आणि तीन सेकंदांत खाली आणायची. आधारासाठी भिंतीला हात लावायला हरकत नाही. एका पायावर जमत नसेल तर सुरुवात दोन्ही पायांवर करावी. हा व्यायाम एक दिवसाआड करायचा असतो, आणि बारा वेळा सहज होऊ लागला की पाठीवरच्या पिशवीत पुस्तके घालून वजन वाढवायचे असते. तीन महिन्यांनंतर या गटातल्या लोकांचे दुखणे फक्त ताण देणाऱ्यांपेक्षा कमी होते. वर्षानंतर मात्र दोन्ही गटांत फरक उरला नाही. म्हणजे ताकदीच्या व्यायामाने बरे होणे लवकर सुरू होते, आणि ज्याला तो झेपत नाही त्याने केवळ ताणावर भर दिला तरी तो मागे राहतो असे नाही.

बाकीचे उपाय सोबतीचे आहेत. टाचेखाली मऊ सिलिकॉनची वाटी किंवा कमानीला आधार देणारा सोल घातल्याने दिवस सुसह्य होतो. तयार मिळणारा सोल पुष्कळांना पुरतो, मापाने घडवून घेतलेला दर वेळी जास्त चांगलाच ठरतो असे नाही. घरातल्या कडक फरशीवर काही महिने अनवाणी न चालता मऊ तळाची चप्पल वापरावी. पाण्याने भरून गोठवलेली बाटली तळव्याखाली पाच-दहा मिनिटे फिरवल्याने ठणका कमी होतो. बधिरता असलेल्यांनी मात्र हे करू नये. वेदनाशामक गोळ्या थोड्या दिवसांसाठी चालतात, पण मूत्रपिंडाचा, जठराच्या व्रणाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. स्टेरॉइडच्या इंजेक्शनबद्दल मी सावध आहे. त्याने काही आठवडे चांगला आराम मिळतो, परंतु वारंवार घेतल्यास टाचेची चरबी विरळ होण्याचा आणि पट्टाच तुटण्याचा धोका असतो, आणि आराम मिळाला म्हणून माणूस पूर्वीसारखा धावू लागतो तो भाग वेगळाच.

वेळ किती लागेल, हे आधीच माहीत असणे बरे. दहापैकी आठ-नऊ जणांचे दुखणे शस्त्रक्रियेशिवाय बरे होते, पण त्याला कित्येक महिने, कधी वर्षही लागते. मी स्वतः हा व्यायाम पहिल्या खेपेला बाराव्या दिवशी सोडून दिला होता, कारण फरक जाणवत नव्हता. दुसऱ्या खेपेला रोज सकाळच्या कळेला दहापैकी गुण देऊन ते वहीत लिहीत गेलो, तेव्हा सहाव्या आठवड्यात आकडे हळूहळू उतरत असल्याचे कागदावर दिसले. नुसत्या आठवणीवर विसंबलो असतो तर ते कळले नसते.

टाच, पण वेगळे कारण

टाचेखाली दुखणारे सगळेच या पट्ट्याचे नसते. दुखणे टाचेच्या बरोबर मध्यभागी असेल, गोट्यावर उभे राहिल्यासारखे वाटत असेल आणि चालल्याने ओसरण्याऐवजी वाढत असेल, तर टाचेखालची चरबीची गादी पातळ झालेली असण्याचा संभव असतो. या गादीत चरबी मधाच्या पोळ्यासारख्या लहान कप्प्यांत भरलेली असते. वयाबरोबर ती पातळ होते आणि कप्पे सैल पडतात. इथे ताणाचा फारसा उपयोग नसतो, मऊ वाटी आणि जाड तळाचे पादत्राण यांचाच असतो. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबल्यावर जोराची कळ आली, तर टाचेच्या हाडाला ताणामुळे बारीक तडा गेल्याची शंका घ्यावी. जळजळ, मुंग्या किंवा विजेसारखी चमक असेल तर नस दाबली गेलेली असू शकते. दोन्ही टाचा एकदम दुखतात, सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकतो, सोबत कंबर आखडते किंवा सोरायसिस हा त्वचाविकार आहे, अशी जुळणी दिसली तर ते दुखणे संधिवाताच्या एखाद्या प्रकाराचे असू शकते आणि त्याचे उपचार पूर्ण वेगळे आहेत.

साधारण ८ ते १४ वर्षांच्या, खेळणाऱ्या मुलांची टाच दुखते तेव्हा बहुधा तो सेव्हरचा विकार असतो. या वयात टाचेच्या हाडाचा मागचा भाग मुख्य हाडाशी पूर्ण जुळलेला नसतो आणि पोटरीची कंडरा त्याला खेचत राहते. काही आठवडे खेळ कमी करणे, टाचेखाली थोडी उंची देणे आणि हाड जुळेपर्यंत धीर धरणे यापलीकडे त्याला सहसा काही लागत नाही.

टाचेच्या मागच्या बाजूचे दुखणे बहुधा अकिलीस कंडरेचे, म्हणजे पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणाऱ्या कंडरेचे असते. शरीरातली ही सर्वांत जाड कंडरा असूनही ती भाराच्या अचानक बदलाला लवकर कंटाळते. हाकन आल्फ्रेडसन या स्वीडिश शल्यविशारदांनी १९९८ मध्ये शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षेत असलेल्या १५ हौशी खेळाडूंना बारा आठवडे एकच व्यायाम दिला: पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहून दुखऱ्या पायाची टाच सावकाश पायरीच्या खाली उतरवायची आणि वर येताना चांगल्या पायाचा आधार घ्यायचा. गुडघा सरळ ठेवून १५ वेळा तीन फेऱ्या, गुडघा किंचित वाकवून तेवढ्याच, दिवसातून दोनदा. ते सगळे पुन्हा धावू लागले. दुखणे कंडरेच्या मधल्या भागात, म्हणजे टाचेच्या दोन ते सहा सेंटिमीटर वर असेल, तेव्हाच हे असे करावे. ते हाडाला लागूनच असेल तर टाच पायरीच्या खाली न नेता सपाट जमिनीवरच व्यायाम करावा, नाहीतर कंडरा हाडावर दाबली जाऊन दुखणे वाढते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा लिव्होफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकांचा क्रम चालू असताना ही कंडरा दुखू लागली तर लगेच डॉक्टरांना कळवावे, कारण या औषधांनी ती तुटण्याचा धोका वाढतो. मागून कोणीतरी लाथ मारल्यासारखा झटका बसला, मागे वळून पाहिले तर कोणीच नाही, आणि आता चवड्यावर उभे राहता येत नाही, असे झाले तर कंडरा तुटलेली असण्याची शक्यता मोठी आहे.

चवडा, बोटे आणि आतली कड

चवड्याखाली दुखण्याचे सर्वांत साधे कारण पादत्राण असते. टाच जितकी उंच, तितके वजन पुढे सरकते, आणि चिंचोळ्या टोकाचा बूट बोटांना एकमेकांवर दाबतो. तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या मधोमध जळजळ होणे, त्या बोटांना मुंग्या येणे, बुटात खडा किंवा मोज्याची घडी अडकल्यासारखे वाटणे आणि बूट काढून पाऊल चोळले की बरे वाटणे, ही मॉर्टनच्या न्यूरोमाची खूण. नावातल्या 'ओमा' या शेवटामुळे गाठ किंवा ट्यूमर डोळ्यांसमोर येतो, पण तो ट्यूमर नसतो. बोटांकडे जाणारी नस हाडांमध्ये दाबली जाऊन तिच्याभोवतीचे आवरण जाड झालेले असते. रुंद टोकाचे बूट आणि चवड्याच्या किंचित मागे लावलेली लहान गादी यांनीच कित्येकांचे काम भागते. गादी दुखऱ्या जागेवर न लावता तिच्या मागे लावायची असते, म्हणजे हाडे फाकतात आणि नस मोकळी होते. यात चूक झाली की दुखणे वाढते आणि दोष गादीला जातो.

पावलाच्या वरच्या बाजूला, बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या बोटाच्या मागच्या लांब हाडावर, एका बोटाने दाखवता येईल असे दुखत असेल, थोडी सूज असेल आणि अलीकडेच चालणे किंवा धावणे बरेच वाढवले असेल, तर हाडाला ताणाचा तडा गेला असल्याचे मानून चालावे. प्रशियाच्या सैन्यातील डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्ये लांबच लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पावलांचे वर्णन केले, तेव्हा एक्स-रेचा शोध लागायला ४० वर्षे बाकी होती. हाड मोडले आहे हे कोणाला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. गंमत म्हणजे आजही पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हा तडा एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून पुन्हा धावायला सुरुवात करणे ही इथली नेहमीची चूक आहे.

अंगठ्याच्या मुळाशी दुखण्याचे दोन ठळक प्रकार आहेत आणि वेळेवरून ते ओळखू येतात. वर्षानुवर्षे हळूहळू अंगठा दुसऱ्या बोटाकडे झुकत जाणे आणि मुळाशी हाडाचा उंचवटा येणे हे हॅलक्स व्हॅल्गस; त्याची प्रवृत्ती घराण्यातून येते आणि चिंचोळे बूट तिला खतपाणी घालतात. रात्री ठीकठाक झोपलेला माणूस पहाटे अंगठ्याच्या असह्य वेदनेने जागा होतो, सांधा लाल, गरम, सुजलेला असतो आणि चादरीचा स्पर्शही सहन होत नाही, तेव्हा तो गाऊट असण्याची शक्यता जास्त. रक्तातले जादा युरिक ॲसिड स्फटिक बनून सांध्यात साचते, आणि शरीराच्या टोकाला असलेला, तुलनेने थंड असा हा सांधा त्याला सोयीचा पडतो. पहिल्याच झटक्यात डॉक्टरांकडे जावे, कारण सांध्यातला जंतुसंसर्गही बाहेरून असाच दिसतो.

घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या मागे आणि खाली दुखते व त्या बाजूची कमान हळूहळू बसत चालली आहे, असे मध्यम वयात, विशेषतः स्त्रियांमध्ये, दिसते. कमान उचलून धरणारी टिबिआलिस पोस्टिरिअर ही कंडरा तिथे थकलेली असते. परीक्षा सोपी आहे: भिंतीला हात टेकवून फक्त दुखऱ्या पायावर उभे राहावे आणि टाच उचलून पाहावी. टाच उचलताच येत नसेल, किंवा उचलली तरी आत वळत नसेल, तर वेळ न दवडता दाखवावे. लवकर आधार आणि व्यायाम मिळाला तर कमान वाचते, उशीर झाला तर पाऊल त्याच आकारात ताठर होते. जन्मापासून सपाट पण न दुखणाऱ्या पावलाला मात्र काहीही करण्याची गरज नसते.

पादत्राणाची परीक्षा

कोऱ्या कागदावर पूर्ण वजन टाकून उभे राहावे, पावलाची कड पेन्सिलीने आखून घ्यावी आणि रोजचा बूट त्या आकृतीवर ठेवावा. बुटाच्या बाहेर आकृती किती डोकावते, हे पाहून बहुतेकांना धक्का बसतो. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाऊल थोडे सुजते. मोठ्या पावलाचे माप धरावे, कारण दोन्ही पावले क्वचितच सारखी असतात. उभे राहून सर्वांत लांब बोटापुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा आहे का ते पाहावे. बूट हातात घेऊन दुमडावा: तो चवड्याच्या जागी वाकला पाहिजे. मधोमध वाकत असेल तर तो कमानीला काहीच आधार देत नाही. प्रौढपणी पावलाचे माप बदलत नाही हा समजही खरा नाही, वयानुसार आणि गरोदरपणानंतर पाऊल लांब-रुंद होऊ शकते.

वाट पाहू नये असे

मुरगळल्यानंतर चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांच्या मागच्या कडेवर, पावलाच्या बाहेरच्या कडेच्या मध्यावर अथवा आतल्या कमानीच्या माथ्यावरच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढावा; १९९२ मध्ये कॅनडातील ओटावा येथे ठरवलेले हे निकष आजही वापरले जातात. थोडे चालल्यावर पोटरी भरून येते आणि थांबल्यावर मोकळी होते, किंवा रात्री पाऊल ठणकते आणि पलंगावरून खाली लोंबते सोडल्यावर बरे वाटते, ही रक्तपुरवठा कमी पडत असल्याची लक्षणे आहेत. पाऊल एकाएकी थंड, पांढरेफटक आणि बधिर झाले तर ते तासाभरात रुग्णालयात नेण्याचे प्रकरण असते.

आतापर्यंतचे सारे विवेचन वेदना बोलते या गृहीतकावर उभे आहे. मधुमेहात पावलाच्या नसा बधिर झालेल्या असतील, तर ती बोलेनाशी होते: खिळा रुततो, बुटाने फोड येतो, गरम पाण्याने कातडी भाजते, आणि माणसाला पत्ताच नसतो. अशा पावलाकडे नजरेने आणि हातानेच लक्ष ठेवावे लागते. रोज रात्री उजेडात, तळवा आरशात पाहून आणि बोटांच्या बेचक्यांसह, तपासणी करावी. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. कुरूप ब्लेडने कापू नये आणि त्यावर औषधी पट्टी लावू नये. पाऊल शेकू नये. हाताच्या मागच्या बाजूने दोन्ही पावलांना एकामागून एक स्पर्श करून पाहावे. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे गरम लागत असेल, ते सुजलेले आणि लालसर असेल आणि तरीही फारसे दुखत नसेल, तर आतली हाडे खचू लागलेली असण्याचा संभव असतो. या विकाराला शार्को पाऊल म्हणतात. अशा पावलावर वजन टाकणे त्याच क्षणी थांबवावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.